पिस्तूल नवे, ग्रुप फुटलेला: दोष कुठे शोधायचा?

मागच्या मे महिन्यात शिंदखेड्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन आले आणि पिस्तुलाची पेटी माझ्यासमोर ठेवली. कापसाच्या पैशांतून घेतलेले परदेशी एअर पिस्तूल, किंमत लाखाच्या वर. "भाऊ, हाई पिस्तूलमाच काही खोट शे," ते म्हणाले. मुलगा मान खाली घालून उभा. क्लबच्या जुन्या पिस्तुलावर त्याचे शॉट नऊ-दहात बसायचे, नव्यावर सात-आठात विखुरले होते. बहुतेक भोके डावीकडे खाली.

ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. महाग पिस्तूल पेटीतून काढले की टेन लागायलाच हवेत, न लागले तर माल सदोष, असा पक्का समज असतो. खरे पाहता स्पर्धेच्या पिस्तुलासोबत बहुधा कारखान्यात मारलेले चाचणी कार्ड येते. पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेले शॉट त्यावर एकाच फाटक्या भोकात दिसतात. या मुलाचे कार्ड पेटीतल्या फोमखाली तसेच पडून होते, कोणी पाहिलेच नव्हते.

आपल्याकडे शिकंजा नसतो, म्हणून मी वाळूच्या दोन छोट्या पिशव्या टेबलावर ठेवतो. खुर्चीत बसायचे, मनगटे पिशव्यांवर टेकवायची, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून पाच शॉट मारायचे. मग तेच दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून मारून घ्यायचे. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे असते. टेकून मारलेले पाचही शॉट तेवढ्या जागेत एकमेकांना चिकटून बसले, तर नळी निर्दोष आहे. आम्ही असे टेकून मारलेले कार्ड मुलाच्या बापाने उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. पाच शॉटचे एकच भोक होते.

मग साइट फिरवून का सुधारत नव्हते? कारण साइट ग्रुपची, म्हणजे भोकांच्या झुबक्याची, जागा बदलते, ग्रुप लहान करत नाही. डावीकडे घट्ट ग्रुप बसत असेल तर मागची साइट उजवीकडे न्यायची. शॉट जिकडे हवा तिकडे मागची साइट. पण भोके टार्गेटभर पसरलेली असताना क्लिक फिरवणे म्हणजे वाऱ्यावर धान्य मोजणे. प्रत्येक शॉटनंतर क्लिक फिरवणाऱ्या मुलाला खरा ग्रुप कधी दिसतच नाही. किमान दहा शॉट साइटला हात न लावता मारा, मगच बोला.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे नजर टार्गेटच्या काळ्या गोलावर हवी. हा गैरसमज मोडायला हिशोब पुरतो. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर असते. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर 10 मीटरवर शॉट सुमारे 30 मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाचा सातवर. याउलट साइट्स एका रेषेत असताना अख्खा हात 5 मिलिमीटर डोलला, तर शॉटही तेवढाच सरकतो आणि दहातच राहतो. म्हणून हाताच्या डोलण्याला घाबरू नका. पुढची साइट लख्ख दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखा हवा. काळा गोल धूसर दिसतो आणि तसाच दिसायला हवा.

या मुलाचा खरा घोळ ग्रिपमध्ये होता. नव्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप त्याच्या हातापेक्षा मोठी होती, त्यामुळे ट्रिगरवर बोटाचे पुरेसे पेर पोहोचत नव्हते. बोट लांबवून ओढले की नळी डावीकडे वळणार, आणि ग्रिप घट्ट आवळून झटका दिला की तोंड खाली जाणार. उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावीकडे खाली गेलेले शॉट पाहून मी आधी ट्रिगरच तपासतो. डोळे मिटून पिस्तूल हातात घ्या, हात उचला, डोळे उघडा. साइट्स आपोआप रेषेत आल्या पाहिजेत. मनगट वळवून आणाव्या लागत असतील तर ग्रिप जुळत नाही. लाकूड कानशीने थोडे-थोडे घासायचे, कमी पडेल तिथे लाकडाची लांबी भरायची. आम्हाला यात तीन आठवडे लागले. घाईने घासलेले लाकूड परत येत नाही.

ट्रिगर जितका हलका तितका चांगला, हेही खरे नाही. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेलावे लागते. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवून तपासणी होते. सुरुवातीला थोडा जास्त ठेवावा, दाब जाणवतो.

पॅलेटकडे मात्र कोणी बघत नाही. "4.5 चे आहेत ना, झाले" म्हणतात. डब्यावरची बारीक अक्षरे वाचा: डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा असतो. आपल्या नळीला कोणते मानवते ते वर सांगितल्याप्रमाणे टेकून मारूनच कळते. शिसे मऊ असते. मोटरसायकलच्या डिकीत खडखडत आलेल्या पॅलेटच्या कडा दबतात आणि मग शॉट भरकटतो.

पिस्तूल कधीच दोषी नसते, असे मी म्हणणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 ला नेमबाज मनू भाकरचे पिस्तूल स्पर्धेच्या मधोमध बिघडले. दुरुस्तीत वेळ गेला, ती 575 गुणांवर थांबली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. बिघाड होतो, पण तो शोधण्याची रीत आहे. साइटचे व ग्रिपचे स्क्रू ढिले नाहीत ना? सिलिंडरचा दाब कंपनीने सांगितलेल्या मर्यादेखाली गेला नाही ना? दाब घसरला की शॉट खाली पडू लागतात. आपल्या खानदेशात आणखी एक धोका आहे. 200 बारला भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला, तर दाब वीसेक बारने वाढतो. पिस्तूल उन्हात ठेवू नका. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

ड्राय फायरिंगने पिस्तूल खराब होते ही भीती आता सोडून द्या. आजच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. पॅलेट नाही, हवा खर्च होत नाही, भिंतीसमोर उभे राहून फक्त साइट आणि ट्रिगर. पण त्याआधी नळी रिकामी असल्याची दर वेळी खात्री करा.

ज्यांच्या घरी नवे पिस्तूल आले आहे त्यांना एवढीच विनंती: दुकानदाराला फोन करण्याआधी टेकून मारलेले पाच शॉटचे कार्ड आणि उभे राहून मारलेले दहा शॉटचे कार्ड शेजारी ठेवा. टेकून मारलेलाही ग्रुप फुटत असेल, पॅलेट बदलून आणि स्क्रू आवळूनही फुटत असेल, तर ते कार्ड घेऊन खुशाल भांडा. नसेल, तर मुलाला बोलू नका. त्याचा हात पिस्तुलात नीट बसतो का, ते आधी पाहा.