कॉइल की प्लग?

डिलाईल रोडवरच्या एका गॅरेजात सीएनजीची गाडी आली, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लावून. ‘पेट्रोलवर बरी चालते हो, पण गॅसवर पुलाच्या चढाला मिस मारते,’ ड्रायव्हर सांगू लागला. मिस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. ‘दिवा नुसता लागतो, की लुकलुकतो?’ एवढंच विचारलं.

चढाला लुकलुकत होता. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकला, तर न जळलेलं इंधन पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतंय, असं समजावं. तो गेला की हजारोंचा भुर्दंड.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लागला. कोड आला पी 0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर तिचा वेग सतत मोजत असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर पेटतो. एखादा चुकला की तेवढ्यापुरता वेग किंचित पडतो आणि पाळी कुणाची होती ते कंप्युटरला कळतं. का चुकला, ते मात्र कळत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. गाडी रात्रभर चाळीबाहेर उभी राहत असेल, तर उंदराला हसण्यावारी नेऊ नका.

बघ्यांपैकी एकाने ‘सेन्सर गेला’ म्हणून निकालही देऊन टाकला. मिस्त्रीने टी-पाना घेऊन दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदलल्या. प्लग जागचे हलवले नाहीत. कोड पुसला आणि त्याच पुलावर गाडी गॅसवर चढवली. इंजिन थरथरलं. नवा कोड: पी 0303. कॉइल सरकली तसा दोषही सरकला होता. पैसा खर्च न करता इतका पक्का पुरावा मिळवणारी ही तपासणी मला फार आवडते.

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे कमजोर कॉइल आधी गॅसवर मार खाते, तेही भार पडल्यावर.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे पुष्कळ भेटतील. त्यात कोड जातो, बिघाडाच्या क्षणी साठवलेली नोंदही जाते, बिघाड राहतो. म्हणून कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, आणि पार्ट बदलायला होकार देण्याआधी तो तपासला कसा, हे विचारा.