काळीची प्रकृती

भेस्तानमधल्या घराच्या भिंतीला तिरकी भेग गेली की आपण गवंड्याला बोल लावतो. एकदा पायाखालच्या मातीकडेही पाहा. दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा काळा खडक झाला. तो झिजून काळी माती बनली आणि तापीसारख्या नद्यांनी ती सुरतेच्या मैदानात आणली. आपल्यातली कित्येक घरे खानदेशातून इथे आली. माती त्यांच्या कितीतरी आधी पोचली.

या मातीत चिकणाचा अंश फार. त्याच्या सूक्ष्म थरांत पाणी शिरले की ती फुगते, सुकली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण पावसाचे पाणी धरून ठेवते तीच. त्या ओलीवर खानदेशात रब्बीची दादर ज्वारी पिकते. ओल्या काळीत नांगर घातला तर ढेकळे दगडासारखी होतात; वापसा येईपर्यंत थांबावेच लागते.

डॉक्टर म्हणून सांगतो, भेग हा काळीचा रोग नव्हे, प्रकृती आहे. घर बांधाल तेव्हा पाया हलत्या थराच्या खाली न्या, भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका. आणि गावाकडची काळी भेगाळलेली पाहून ती नापीक समजून विकू नका.