पत्ता चुकला!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी पार्टनरने आणि मी ३२ बिट इंटेल प्रोसेसरवर चालणारा छोटासा कर्नल लिहायला घेतला होता. बूट व्हायचा, स्क्रीनवर नाव यायचं, आम्ही खूश! मग पार्टनरने ३२ बिट लिनक्ससारखा आमचाही कर्नल १ एमबीच्या पत्त्यावरून ३ जीबीच्या वर नेला आणि डेमोच्या आदल्या रात्री मशीन सारखं रिसेट व्हायला लागलं. "चांगली चालती गाडी बिघडवलीस!" मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो बिचारा गपचूप झोपायला गेला.

आता थोडी थिअरी. प्रोग्राम वापरतो तो पत्ता व्हर्च्युअल. रॅमपर्यंत पोचतो तो फिजिकल. हॉस्टेलमधलं टोपणनाव आणि मस्टरवरचं खरं नाव, तसंच. कुठलं टोपणनाव कोणाचं, ही वही म्हणजे पेज टेबल. त्यात ४ केबीच्या एकेका पानाची नोंद असते. पण ही वही स्वतः कुठे आहे? ते प्रोसेसरला सीआर३ हे रजिस्टर सांगतं. तिथे फिजिकल पत्ताच हवा. कारण उघड आहे. वही सापडण्याआधी टोपणनाव उलगडणार कसं?

रात्री तीनला एम्युलेटरमध्ये रजिस्टर्स तपासली. सीआर३ मध्ये ३ जीबीच्या वरचा आकडा! रॅम दिलेली फक्त १२८ एमबी. प्रोसेसर वही शोधायला गेला, तिथे काहीच नाही. पेज फॉल्ट झाला, त्याचा हँडलरही सापडेना, म्हणून डबल फॉल्ट, मग ट्रिपल फॉल्ट आणि रिसेट.

सीआर३ भरणारी ती ओळ कोणाची? माझी! पूर्वी दोन्ही पत्ते सारखेच होते, म्हणून माझी चूक झाकली गेली होती. पार्टनरने ती फक्त उघडी पाडली. उपाय सोपा: पत्त्यातून ३ जीबी वजा करायचे. पेज टेबलांचे पत्ते डिरेक्टरीत भरतानाही तेच. दोन्ही ठिकाणी दुरुस्त केलं आणि कर्नल उठला.

मग पार्टनरलाही उठवलं. "चूक माझी होती रे." तो डोळे चोळत म्हणाला, "आधी चहा पाज."

तेव्हापासून कुठलाही पॉइंटर लिहिताना मी एकच प्रश्न विचारतो, हा पत्ता वाचणार कोण, आपला प्रोग्राम की हार्डवेअर? आणि दुसऱ्यावर ओरडण्याआधी स्वतःच्या ओळी एकदा वाचतो.