कोळ्याचं पोट बघा!

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, मेतकूट सगळं आठवणीनं बॅगेत भरते. पण लेक अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात असेल, तर आणखी एक गोष्ट सोबत हवी. तिथल्या विषारी कोळ्यांची माहिती!

माझी मुलगी फिनिक्सला असते. शहर वाळवंटात वसलेलं. थोरला नातू तीन वर्षांचा, दिवसभर अंगणात. त्याच्या काळजीनं मी ही माहिती अगदी पाठ केली.

तिथं उन्हाळी पावसात तळहाताएवढा केसाळ टॅरँटुला फिरताना दिसतो. बघूनच घाम फुटतो, पण त्याचा माणसाला फारसा धोका नाही. खरी विषारी ती ‘ब्लॅक विडो’. काळी, तुकतुकीत, वाटाण्याएवढ्या पोटाची. पोटाखाली लाल डमरू. पाठीवर नाही हं, खाली! तिचं जाळं जमिनीलगत, विस्कटलेलं, पण चिवट. दिवसा ती लपते. म्हणून रात्री बॅटरी घेऊन कुंपणाची भिंत, गॅरेज, खुर्च्यांची खालची बाजू बघायची. दुसरा कोळी तपकिरी, ‘ॲरिझोना ब्राऊन’. पाठीवर पुसट व्हायोलिनसारखी खूण. हा लाकडांच्या ढिगात, अडगळीत सापडतो. तिथं हात घालताना हातमोजे हवेत, आणि बाहेर ठेवलेले बूट झटकूनच घालावेत.

ब्लॅक विडो चावली की टाचणी टोचल्यासारखं वाटतं. मग तासाभरात पोटात, पाठीत पेटके येतात, घाम सुटतो. ब्राऊनचा चावा आधी कळतही नाही. काही तासांनी फोड येतो, कधीकधी जखम आठवडेच्या आठवडे चिघळते.

चावल्यावर काय करायचं? जागा साबणाच्या पाण्यानं धुवा. हाताला चावलं असेल तर सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं शेका. चिरा देणं, विष चोखणं, घट्ट दोरी बांधणं, चुना लावणं यातलं काहीही नको! जमलं तर कोळ्याचा फोटो काढा. १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. पेटके वाढले, श्वास लागला तर थेट ९११. तीव्र त्रासावर तिथं प्रतिविषही असतं.

या चाव्यानं मृत्यू क्वचितच होतो, बरं का. पण लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसं यांना जास्त जपावं लागतं. म्हणजे मैत्रिणींनो, बाळंतपणाच्या घरातले नेमके तिघंही!