पायांना आधी सांगून ठेवा

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटरचं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. दिवसांनी भागाकार केला की रोजचे चौदा-पंधरा किलोमीटर येतात. पहिल्यांदा वारीला निघणारा माणूस हा भागाकार करतो आणि निर्धास्त होतो.

पण वारी सरासरीनं चालत नाही. लोणंदहून तरडगावचा टप्पा जेमतेम ८ किलोमीटरचा, तर पुण्याहून सासवडचा ३० किलोमीटरच्या वर. त्यात दिवे घाट चढायचा. म्हणजे सगळ्यात अवघड दिवस येतो तो अगदी सुरुवातीला, पाय अजून रुळलेले नसताना. बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशीही असते. तेव्हा तयारी करायची ती या एका दिवसाची. पुढचं पुष्कळसं वाट शिकवते.

दोन महिने आधी रोज चार-पाच किलोमीटरपासून सुरुवात करावी. हळूहळू वाढवावं. एखाद्या रविवारी २० किलोमीटर चालून आलात, याला फारसा अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दुखऱ्या पोटऱ्या घेऊन पुन्हा बाहेर पडलात, तर ती तयारी. आणि भरभर चालण्याचा सराव इथे उपयोगी पडत नाही. दिंडी चालते, थांबते, पुन्हा दहा पावलं सरकते. चालण्यापेक्षा या थांबण्यानंच कंबर धरते. उभं राहण्याचीही सवय हवी.

चपला किंवा बूट नवे घेऊन निघू नका. घ्यायचेच असतील तर आता घ्या आणि वापरून मऊ करा. पावसाचे दिवस, पाय सतत ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामाला पोचलं की पाय धुवायचे, बेचक्या कोरड्या पुसायच्या, मग तेल. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढायची नाही. काही जण अनवाणी चालतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मी काय बोलणार? पण पहिल्याच वर्षी, डांबरी रस्त्यावर, हा नेम करू नये असं माझं मत आहे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर मुळीच नाही. त्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते. खडा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर सोबत्याला दाखवावेत. एकादशीला उपास, वर घाटाची चढण आणि नेहमीची गोळी तेवढीच, असं झालं तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना टप्पे सांगून गोळ्यांचं आणि उपासाचं विचारून घ्या आणि साखरेची पुडी खिशातच ठेवा. आमच्याकडे रमजानच्या रोज्यांतही आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे. तुम्ही तर दोन्ही असणार.

औषधं कधीही ट्रकमध्ये टाकू नयेत. दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली की जेवणाची, राहुटीची सोय होते आणि आपलं बोचकं ट्रकमधून पुढच्या तळावर जातं. ते रात्रीच हाती येतं. म्हणून गोळ्या, पाणी, एक पंचा, घरच्या फोनचा नंबर लिहिलेला कागद हे अंगावरच हवं. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

एकट्यानं रस्त्याच्या कडेनं चालण्यापेक्षा दिंडीत चालावं, हे मी सोयीसाठीच सांगतो असं नाही. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. या रांगेत पाऊल आपलं राहत नाही, ते टाळावर पडतं. अभंगाच्या चरणाची लांबी माणसाच्या श्वासाला अशी बेतलेली आहे, की गाणारा सहसा धापा टाकत नाही. हरिपाठाचे निदान पाच-सहा अभंग पाठ करून जा. घाटात त्यांचा काठीइतका आधार होतो.

आपल्याला तिथं सामावून घेतील का, असा संकोच काही जणांना वाटतो. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की देहूहून निघालेल्या तुकाराम महाराजांच्या पालखीचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. बारामतीजवळच्या माळेगावच्या जैतुनबी तर कीर्तन करत आणि दिंडी घेऊन वारीत चालत. वाटेत हाक सगळ्यांना एकच. पाणी द्यायचं तरी माउली, वाट मागायची तरी माउली.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदारानं दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात आणि चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते. ती नीट ऐकावी, पाय पुसावेत आणि झोपावं.