मागच्या सीटवरचे हात

लढाऊ वैमानिक शिक्षक झाला, की त्याला आधी हात आवरायला शिकावं लागतं. तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये मी तेच शिकलो. तिथं मुरलेले वैमानिक पुन्हा विद्यार्थी होतात. विमान उडवता उडवता समजावून सांगायला शिकतात.

पुढं बिदरला ‘हॉक’च्या मागच्या सीटवर बसलो. ‘हॉक’ २००८ मध्ये आलं. अशा प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस मात्र १९८२ मधली! मधली २६ वर्षं पोरांना ‘किरण’नंतर वेगवान ‘मिग-२१’ची मोठी झेप घ्यावी लागे.

विमान उतरवताना विद्यार्थी चुकू लागला, की माझे हात आपसूक पुढं होतात. घाई केली तर तो शिकत नाही; उशीर झाला तर दोघांच्या जिवावर बेततं. मुलाला सायकल शिकवताना आपणही कधी हात सोडायचा, हेच ठरवत असतो ना? फक्त तिथं गुडघ्यावर निभावतं.