डोंगरातला कोळसा, खालचे पाणी

सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला गेले आणि तेथून परासिया, जुन्नारदेव, दमुआच्या वाटेला लागले की झाडांच्या पानांवर काळी भुकटी दिसू लागते. पाऊस पडला की ती धुऊन जाते. कोठे जाते, हे आपण खालच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनीही विचारायला हवे. कारण त्याच डोंगरातून येणारी कन्हान पुढे सौंसर तालुक्यातून वाहते. पांढुर्ण्याची जाम नदी वेगळ्या अंगाने येते, पण तीही शेवटी कन्हानलाच मिळते. शिवाय आपल्यापैकी काही घरांतली मुले खाणीत कामाला गेली, तिकडेच स्थायिक झाली. तेव्हा हा विषय परका नाही.

पेंच आणि कन्हान खोऱ्यांतल्या या खाणी इंग्रजांच्या काळापासूनच्या. १९७३ साली त्या सरकारच्या झाल्या. खाण म्हटली की आपण धूळ आणि स्फोट एवढेच मनात आणतो. खरे लक्ष द्यावे ते पाण्याकडे. कोळशात कधीकधी सोन्यासारखा चमकणारा खडा सापडतो. तो लोखंड आणि गंधक यांचा बनलेला असतो. जमिनीत दडलेला असेपर्यंत तो कोणाचे काही बिघडवत नाही. खाण खणून त्याला हवा व पाणी लागले की गंधकाचे आम्ल तयार होते, लोखंड विरघळते आणि ते पाणी बाहेर आले की नाल्यातल्या दगडांवर तांबूस साय धरते. मेघालयातील जयंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक पुष्कळ. तेथील लुखा नदी हिवाळ्यात निळी पडू लागली, मासे मेले. शेवटी २०१४ साली हरित न्यायाधिकरणाने तिथल्या उंदराच्या बिळासारख्या खाणींवर बंदी घातली. आपल्याकडच्या कोळशात गंधक थोडे असते, हे आपले नशीब म्हणायचे.

पण गंधक थोडे म्हणजे पाणी गोडे, असे मात्र नाही. खाणीतून उपसलेले पाणी बहुधा जड असते. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि त्यांचे क्षार उतरलेले असतात. असे पाणी रोज पिणाऱ्याचे पोट बिघडते, जुलाब लागतात. उकळून जंतू मरतील, क्षार जाणार नाहीत. उलट पाणी आटल्याने ते दाटच होतील. शेतीतही भेद आहे. कपाशी खारवट पाणी बऱ्यापैकी सोसते, संत्रा सोसत नाही. पानांची टोके करपू लागतात, झाड हळूहळू खंगते आणि आपण खताला दोष देत बसतो. म्हणून खाणीच्या आसपास वावर असलेल्यांनी, तसेच नदीवर मोटार लावून आंबिया बहाराला पाणी देणाऱ्यांनी, बागेला पाणी सोडण्याआधी एक स्वच्छ बाटली भरून तपासून घ्यावी. छिंदवाड्याजवळ चंदनगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. नुसते डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. क्षाराचे पाणी काचेसारखे नितळ दिसते.

भुयारी खाणीतून रात्रंदिवस पाणी उपसावे लागते, त्यामुळे वरच्या विहिरी आटतात. कोळशाचे खांब काढून घेतले की वरची जमीन खचते, वावराला भेगा पडतात आणि पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली निघून जाते. आणि साचलेले पाणी तर काळच. परासियाकडच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी शिरून ६३ कामगार दगावले.

डोंगरावर टाकलेल्या मातीदगडाच्या ढिगाचीही तीच गोष्ट. वेल्समधील अ‍ॅबरफन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी असा एक ढीग कोसळला. तो झऱ्यावर रचला होता आणि पाऊस लागून राहिला होता. १४४ जण मेले, त्यांपैकी ११६ मुले. बहुतेक शाळेत होती. ढीग कोठे रचायचा हे ठरवण्याआधी तेथे झरा आहे का, हे गावच्या गुराख्याला विचारले तरी पुष्कळ कळते.

आता फुप्फुसांबद्दल. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे छातीत बसते, आणि धाप लागू लागेपर्यंत माणूस निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. इकडे डॉक्टर खोकला ऐकून क्षयाच्या गोळ्या सुरू करतात. क्षयही असू शकतो, कारण धुळीने, विशेषतः दगडाच्या धुळीने, दुबळ्या झालेल्या छातीत तो लवकर शिरतो. म्हणून थुंकी तपासावीच. पण आपण किती वर्षे खाणीत होतो आणि कोणते काम करीत होतो, हे रोग्याने आपणहून सांगावे. या धुळीच्या रोगावर औषध नाही. मात्र त्याची भरपाई मागता येते. त्यासाठी कामाचे कागद आणि जुने एक्स-रे लागतात. घर शाकारताना ते रद्दीत टाकू नका. पत्र्याच्या पेटीत, वाळवी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि कोठे ठेवले ते घरच्या बाईला सांगून ठेवा.